दणका, थरथर आणि ठकठक

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'तुझ्या क्षेत्राबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोल', असा निरोप आयोजकांकडून आला. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर बोलायला लागले तर पाचव्या मिनिटाला तुमचं लक्ष बाहेरून येणाऱ्या बटाटेवड्यांच्या वासाकडे जाईल, याची मला खात्री आहे. म्हणून मी गाडीच्या चाकांबद्दल बोलणार आहे. नवी चाकं आणि नवे टायर बसवल्यावर गाडी आदळायला लागली, तर त्याचं कारण कसं शोधायचं, एवढाच विषय. इथं बसलेल्या बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये गाडीची किल्ली आहे. आणि बहुतेकांच्या गाडीत मागच्या सीटवर अधूनमधून सत्तरी ओलांडलेलं कुणीतरी बसतं. तेव्हा विषय अगदीच परका वाटू नये.

आमची गाडी साधी, छोटी. २०२४च्या पावसाळ्यानंतर तिचे टायर बदलायला झाले होते. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. '२२१८' असेल तर टायर २०१८ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला. आमच्या टायरांना सहा वर्षं होऊन गेली होती, लोखंडी रिमच्या कडा गंजून हवा उतरत होती. बदलणं भागच होतं. घरात भाचा आहे, बावीस वर्षांचा. त्याचा आग्रह असा, की बदलायचंच आहे तर अलॉय व्हील घेऊ, चौदा इंचीच्या जागी सोळा इंची. दुकानदाराकडे रिम, टायर, बसवणूक, बॅलन्सिंग सगळं एकत्र मिळत होतं. गाडी दिसायला खरोखर देखणी झाली. वाडीतल्या मुलांनी फोटो काढले.

त्याच सुमारास माझ्या आईच्या कण्याचा एक मणका खचला होता. हाडं ठिसूळ झालेली. तिला आठवड्यातून दोनदा गिरगावहून परळला फिजिओथेरपीसाठी न्यावं लागे. ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोड, सात रस्ता, चिंचपोकळी, लालबाग, परळ. तुमच्यापैकी कित्येकांनी हा रस्ता बसच्या वरच्या मजल्यावरून पाहिलेला आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, व्यायाम चुकवायचा नाही आणि पाठीला धक्के बसू द्यायचे नाहीत. नवी चाकं लागल्यानंतरच्या तिसऱ्या खेपेला आई घरी आली, पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "मी आता येत नाही. इथंच काय होईल ते होऊ दे." आई कुरकुर करणाऱ्यांतली नाही. लालबागच्या चाळीत वाढलेली बाई. तिनं असं म्हणणं म्हणजे गोष्ट गंभीर होती. व्यायाम थांबला असता तर ती अंथरुणालाच खिळली असती.

दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मुंबईचे रस्ते बघताय ना? गाडी आदळणारच." जवळच्या गॅरेजवाल्यानं गाडी कोपऱ्यावर दाबून, उठवून पाहिली आणि सांगितलं, चारही शॉकअब गेले, बदलून टाका. पाच आकडी खर्च.

दोघांचंही बोलणं ऐकायला पटण्यासारखं होतं. आपले रस्ते कसे आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको: थोडं डांबर, थोडं काँक्रीट, मध्येच पेव्हर ब्लॉक, त्यावर खोदकामाचे चर. पण हेच रस्ते आदल्या आठवड्यातही होते आणि तेव्हा आई तक्रार करत नव्हती. आपल्याकडे म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडं. शॉकअबचंही तसंच. जुन्या चाकांवर सकाळी ठीक असलेले चार शॉकअब दुपारी चाकं बदलताक्षणी एकदम का जातील? अशक्य नाही. कमकुवत शॉकअब मऊ टायरमुळे झाकला जातो आणि कडक टायर लावल्यावर उघडा पडतो, असं होतं कधीकधी. पण तपास तिथून सुरू करायचा नसतो. आधी विचारायचं: काय बदललं? बदलली होती चाकं, टायर, त्यांतली हवा आणि ती बसवण्याची पद्धत. संशयित एवढेच.

आता बाई, तुमचा उल्लेख करते. आपल्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे रकाने असायचे. आम्ही सगळे घाईघाईनं निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहून मोकळे व्हायचो. 'वायू बाहेर पडला व तो हायड्रोजन होता.' तुम्ही लाल शाईनं विचारायचात, 'हायड्रोजन होता हे डोळ्यांनी दिसलं का?' गाडी तपासताना मला त्या लाल शाईची फार आठवण झाली. 'शॉकअब गेले' हे अनुमान आहे. 'रस्ता वाईट' हेही अनुमान. निरीक्षण कुणी लिहिलंच नव्हतं.

निरीक्षण होतं ते आईकडे. गाडी चालवणाऱ्याला स्टिअरिंग धरायला असतं, रस्त्याचा अंदाज असतो, खड्डा दिसला की त्याचं अंग आपोआप सावध होतं. मागच्या सीटवरच्या माणसाला खड्डा दिसत नाही; सगळं त्याच्या पाठीपर्यंत जसंच्या तसं पोचतं. म्हणून मी आईजवळ कागद-पेन घेऊन बसले आणि विचारलं, "नक्की कसं होतं, ते सांग. दुखतं हे नको सांगूस. गाडी काय करते ते सांग."

आईनं थोडा विचार केला आणि तीन गोष्टी सांगितल्या. पहिली: "खड्डा आला की दणका बसतो आणि गाडी चेंडूसारखी पुन्हा उडते." दुसरी: "रस्ता चांगला असला आणि गाडी पळायला लागली, की बुडाखाली थरथर होते. पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर टेकल्यासारखं." तिसरी: "पुलावर ठकठक लागते. कुणी खालून काठीनं टोचावं तशी."

दणका, थरथर आणि ठकठक. गॅरेजच्या पावतीवर या तिन्हींसाठी एकच शब्द होता, 'व्हायब्रेशन'. एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या की कारणही एकच शोधलं जातं, आणि मग ते सापडत नाही. आईनं त्या वेगळ्या केल्या म्हणून प्रत्येकीच्या मागे स्वतंत्रपणे जाता आलं.

पहिला दणका. चेंडूसारखी उडते म्हटल्यावर पहिला संशय हवेचा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक चिकटपत्र असतं, त्यावर कंपनीनं किती हवा भरायला सांगितली आहे ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीला ३० पीएसआय. मी सकाळी, गाडी जागची हलवण्याआधी, स्वतःच्या गेजनं मोजलं. चारही टायरांत ४४. सकाळीच मोजायचं, कारण गाडी चालून टायर तापला की आकडा आपोआप तीन-चारनं वर जातो आणि आपण फसतो.

४४ का? टायर रिमवर चढवताना त्याची कड रिमच्या खाचेत टक्कन बसावी म्हणून सुरुवातीला जास्त हवा भरतात. ती नंतर उतरवायची असते. दुकानात गर्दी होती, राहून गेलं असावं. दाब जवळजवळ दीडपट झाला, तसा टायरचा टणकपणाही वाढला. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग असते. सस्पेन्शनपर्यंत धक्का पोचण्याआधी तो टायरनं थोडा गिळायचा असतो. दगडासारखा फुगलेला टायर काहीच गिळत नाही. शिवाय त्याची रस्त्यावरची पकड कमी होते आणि तो मधोमध लवकर झिजतो. अंगठ्यानं दाबून यातलं काही कळत नाही. ३० आणि ४४ दोन्ही अंगठ्याला सारखेच कडक लागतात. हवा ३० वर आणली. खर्च शून्य. त्या दिवशी परळहून परतताना आई म्हणाली, "उडत नाही आता. पण थरथर आहे."

मुद्दाम सांगते, त्या दिवशी मी फक्त हवाच बदलली. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही, पण आपण शहाणे होत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही गोष्टींचे पैसे भरतो.

आता थरथर. ती चांगल्या रस्त्यावर, वेगात येते, म्हणून तपास तशाच रस्त्यावर करायला हवा होता. रविवारी सकाळी आम्ही कोस्टल रोडला गेलो. आपल्या गिरगाव चौपाटीपासून मलबार हिलखालून जाणारा तो बोगदा, पुढे वरळीपर्यंत सरळ गुळगुळीत रस्ता. नवरा गाडी चालवत होता, मी मागे. फोनमध्ये हालचाल टिपणारा एक संवेदक असतो. फोन आडवा केला की चित्र फिरतं, ते त्याच्यामुळे. मी फोन मागच्या सीटखाली जमिनीला चिकटपट्टीनं घट्ट चिकटवला आणि त्याच्याकडून दर सेकंदाला किती कंप होतात ते लिहून घेतलं. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला साधारण साडेआठ. बोगद्याबाहेर, ८०च्या मर्यादेला टेकून, साधारण ११.४.

आता सातवी-आठवीचं गणित. चाकाचा व्यास ६२ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे १.९५ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागाकार करा: चाक सेकंदाला साडेआठ वेळा फिरतं. ताशी ८०ला ११.४ वेळा. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीला बरोबर एक झटका. इंजिनाचा दोष असता तर गिअर बदलल्यावर आकडा बदलला असता. पाचव्यातून चौथ्यात टाकून त्याच वेगानं गेलो, आकडा तोच. रस्त्याच्या सांध्यांचा असता तर रस्ता बदलल्यावर बदलला असता. तोही नाही. चोर चाकातच होता.

पण कुठल्या चाकात? थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटमध्ये जाणवली तर मागची, असा एक ठोकताळा आहे. आमच्याकडे दोन्हीकडे होती. सुदैवानं डिकीत जुनी स्टेपनी होती. रिम लोखंडी, चौदा इंची, पण टायरसकट तिची उंची नव्या चाकाएवढीच, जेमतेम एक मिलिमीटरचा फरक. थोड्या अंतरापुरती, बेतानं चालवायला चालण्यासारखी. ती आम्ही आळीपाळीनं चारही जागी लावून पाहिली. एखादा टायर वाकडा असता, तर त्याच्या जागी स्टेपनी येताच थरथर गायब झाली असती. तसं झालं नाही. प्रत्येक जागी स्टेपनी लावल्यावर थरथर थोडीशी कमी झाली, पूर्ण कुठेच गेली नाही. याचा अर्थ दोष एका चाकात नव्हता, चारही नव्या चाकांना समान असलेल्या कशाततरी होता. आणि जुन्या लोखंडी रिममध्ये तो नव्हता.

पुन्हा दुकानात गेलो. त्यांनी चाकं बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली. पडद्यावर शून्य. पुन्हा फिरवली, पुन्हा शून्य. तिथला मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "ताई, बघा ना, चाक एकदम बरोबर आहे." आणि तो खोटं बोलत नव्हता. आमच्या धंद्यात या वाक्याला मोठी परंपरा आहे. ग्राहकाकडे प्रोग्रॅम बंद पडतो आणि लिहिणारा सांगतो, 'माझ्या संगणकावर तर चालतोय.' तेव्हा विचारायचं असतं: तुझा संगणक आणि त्याचा संगणक यांत फरक काय? तसं इथं: मशीनवरचं चाक आणि गाडीवरचं चाक, यांत फरक काय?

याचं उत्तर मला आपल्याच वर्गातल्या एकानं दिलं. शेवटच्या बाकावर बसायचा. दहावीनंतर आयटीआय केलं, आता लालबागजवळ एका औद्योगिक वसाहतीत त्याचा लेथचा गाळा आहे. नाव घ्यायचं नाही असं त्यानं मला बजावलंय. तो या क्षणी मान खाली घालून बसलाय, तेव्हा शोधायला फार कष्ट पडणार नाहीत.

त्यानं गाडी जॅकवर घेतली, एक चाक उतरवलं आणि व्हर्नियरनं रिमच्या मधलं भोक मोजलं: ७३.१ मिलिमीटर. मग गाडीच्या हबचा उंचवटा मोजला: ५४.१. "हे बघ," तो म्हणाला, "तुझ्या जुन्या रिमचं भोक हबवर टोपीसारखं घट्ट बसायचं. चाकाचा मध्य हब ठरवायचा. हे अलॉय सतरा गाड्यांना बसावं म्हणून भोक मोठं ठेवलंय. चारी बाजूंनी साडेनऊ मिलिमीटर पोकळी. आता मध्य कोण ठरवणार? नुसते चार नट. आणि बसवणाऱ्यानं हवेच्या गननं एक नट आधी पूर्ण आवळला असेल, तर चाक त्या बाजूला सरकून तिथंच अडकतं." मशीनवर चाक मधल्या भोकातून शंकूवर पकडतात, म्हणून तिथं ते आपल्या खऱ्या केंद्राभोवती फिरतं. गाडीवर ते भलत्याच केंद्राभोवती फिरत होतं. दोन्ही निरीक्षणं खरी होती.

त्यानं डायल गेज लावून चाक हातानं फिरवलं. पुढच्या डाव्या चाकाचा काटा ०.९ मिलिमीटर हलला. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? रिम आणि टायर मिळून साधारण १७ किलो वजन. ते केंद्रापासून फक्त १ मिलिमीटर सरकलं, तर ताशी ८०च्या वेगाला सुमारे ९ किलो वजनाएवढी ओढ तयार होते, आणि ती सेकंदाला अकरा वेळा दिशा फिरवते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. म्हणून ताशी ४०ला काही जाणवत नाही आणि दुकानासमोरच्या गल्लीत फेरी मारून तर कुणालाच काही सापडत नाही.

उपाय साधा. ॲल्युमिनियमची कडी, बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१. बाजारात तयार मिळते. यानं लेथवर चार कातून दिल्या. मी विचारलं, "एवढीशी कडी गाडीचं वजन पेलेल?" तो हसला. "कडी वजन पेलत नाही, जागा दाखवते. वजन पेलतो तो नटांनी चाक हबवर घट्ट दाबलेला असतो तो दाब." मग हबच्या तोंडावरचा गंज ब्रशनं साफ केला, कारण मध्ये गंजाची पापडी राहिली तरी चाक तिरकं बसतं. चाक हवेत असताना नट हातानं लावले, समोरासमोरचे दोन-दोन असे थोडेथोडे आवळले, आणि गाडी खाली घेतल्यावर शेवटचा पीळ टॉर्क पान्यानं, गाडीच्या पुस्तकातला आकडा बघून. शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायला सांगितले. पैसे घ्यायला तयार नव्हता. "काकूंच्या हातच्या थालीपीठाचे आधीच बरेच खाल्लेत," म्हणाला.

पुन्हा कोस्टल रोड, पुन्हा फोन. आलेखातला तो उंच सुळका जेमतेम टेकडीएवढा राहिला. आई गाडीत बसली, परळला जाऊन आली. म्हणाली, "दणका गेला, थरथर गेली. ठकठक आहे."

आता इथं मला थांबून विचार करावा लागला. सगळं तपासून झालं होतं. टायरची कड रिमवर सगळीकडे सारखी बसली होती. तिथं एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे समान अंतरावर दिसायला हवी. अलाइनमेंट बरोबर, हवा बरोबर, शॉकअब कोरडे, तेल गळत नव्हतं. तरी लालबागच्या उड्डाणपुलावरचा प्रत्येक सांधा आईला मोजता येत होता.

उत्तर टायरवर छापलेलंच होतं. जुना टायर १६५/८० आर १४. यातला १६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, आणि ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के टायरच्या भिंतीची उंची: १३२ मिलिमीटर. नवा टायर १९५/५५ आर १६. त्याच्या भिंतीची उंची १९५च्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. बाहेरचा व्यास तोच, त्यामुळे स्पीडोमीटर खरा बोलतो. पण आतली रिम मोठी झाली आणि रिम व रस्ता यांच्यामधली हवेची गादी एक इंचानं पातळ झाली. वळणावर अशी गाडी ठाम राहते, भाच्याला ते आवडतं. पण सांध्याचा टोकदार धक्का गिळायला भिंतीची उंचीच लागते. हवा आणखी कमी करून ही कसर भरून काढायची नसते. मग टायर तापतो, आणि खड्ड्यात रिमची कडच वाकते. ठकठक हा दोष नव्हता. तो त्या चाकाचा स्वभाव होता.

हवेच्या टायरचा जन्म कसा झाला, हे मला या निमित्तानं आठवलं. रॉबर्ट विल्यम थॉमसन यानं १८४५ साली हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण लोक ते विसरून गेले. पुढे बेलफास्टमध्ये जॉन बॉयड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर होता. त्याचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा आणि टणक चाकांमुळे त्याला हादरे बसायचे. डनलॉपनं रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांना गुंडाळली. १८८८ साली त्यानं पेटंट घेतलं आणि त्यानंतर हवेचा टायर जगभर गेला. आपल्या शहरात तेव्हा घोड्यांच्या ट्राम लोखंडी रुळांवरून धावत होत्या. त्या १८७४पासून होत्या. म्हणजे वेग वाढावा किंवा गाडी देखणी दिसावी म्हणून नव्हे, घरातल्या एका माणसाला हादरे बसत होते म्हणून हा टायर तयार झाला. आम्ही सोळा इंची चाकांवर नेमकी तीच गादी पातळ केली होती.

एकदा हे कळल्यावर निर्णय सोपा झाला. भाच्याकडे त्याच मॉडेलची गाडी आहे. अलॉय, टायर आणि लालबागच्या कड्या त्याच्या गाडीला गेल्या. त्याचा मणका बावीस वर्षांचा आहे, त्याला ठकठक म्हणजे संगीत. आमच्या गाडीला नव्या लोखंडी रिम आणि पुन्हा १६५/८०चे टायर आले. गाडी आता कुणी वळून बघावं अशी दिसत नाही. आई आठवड्यातून दोनदा परळला जाते, आणि गेल्या महिन्यापासून येताना लालबागला थांबून चिवडा-मसाल्याची खरेदीही करते. तेव्हा मात्र ती पायी चालते आणि मी पिशव्या घेऊन मागे.

मित्रांनो, या सगळ्यातून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. तक्रार आली की तिच्यात दोष किती आणि स्वभाव किती, हे आधी वेगळं करायचं. दोष दुरुस्त होतो: हवा उतरवता येते, कडी बसवता येते. स्वभाव दुरुस्त होत नाही. तो चालवून घ्यायचा, नाहीतर वस्तू बदलायची. आम्ही गॅरेजवाल्याचं ऐकून चार शॉकअब घातले असते, तर पैसे गेले असते, दणका, थरथर आणि ठकठक तिन्ही तशाच राहिल्या असत्या, आणि आई म्हणाली असती, 'जाऊ दे, माझं वयच झालंय.' स्वतःच्या वयावर दोष घेऊन गप्प बसणं आपल्या आईवडिलांना फार सहज जमतं.

ज्यांना नजीकच्या काळात टायर बदलायचे आहेत त्यांनी चार-पाच गोष्टी लिहून घ्या. नवं माप घेण्याआधी टायरच्या भिंतीची उंची काढा; रुंदी गुणिले दुसरा आकडा, भागिले शंभर. रिमचं मधलं भोक आपल्या हबला जुळतं का ते विचारा, नसेल तर कडी मागा. नट समोरासमोरचे आवळायला सांगा, शेवटचा पीळ गननं नको. घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरची हवा स्वतः मोजा. जुनं एक तरी चाक काही दिवस ठेवून द्या, तुलनेला लागतं. आणि थरथर राहिलीच, तर ती कोणत्या वेगाला सुरू होते ते टिपून मगच दुकानात जा. 'गाडी हलते' म्हणून गेलात तर रस्त्याला शिव्या ऐकून परत याल.

शेवटचं एक. आपण सगळे आता त्या वयात आलोय, जिथं आपण स्टिअरिंगवर आहोत आणि ज्यांनी आपल्याला हात धरून शाळेत आणून सोडलं, ते मागच्या सीटवर आहेत. आज घरी जाताना मागे जे कुणी बसलं असेल, त्यांना विचारा, "गाडी कशी वाटते?" उत्तर येईल, "ठीक आहे." तेवढ्यावर थांबू नका. पुन्हा विचारा, आणि त्यांनी जो शब्द वापरला असेल तोच शब्द, जसाच्या तसा, कागदावर लिहून घ्या.